शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी: कोणती चाचणी निवडावी, नमुना कसा घ्यावा, रिपोर्ट कसा वाचावा

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा एका साध्या पॉलिपपासून सुरू होतो. आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या या गाठीचं कर्करोगात रूपांतर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. या काळात पोट दुखत नाही, वजन घटत नाही, भूकही नेहमीसारखीच लागते. मात्र मोठे पॉलिप आणि सुरुवातीचे कर्करोग अधूनमधून थोडं रक्त पाझरतात. ते डोळ्यांना दिसत नाही, पण चाचणीत सापडू शकतं. वेळेत सापडलं तर पॉलिप दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो, आणि पुढचा कर्करोगच टळतो.

भारतात २०२२ मध्ये मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग येतात, आतड्याचा येत नाही. त्यामुळे इथे ही चाचणी करायची की नाही, कोणती करायची आणि आलेल्या रिपोर्टचं काय करायचं, हे सगळं आपण आणि आपले डॉक्टर यांच्यावरच येतं. इंग्लंडला किंवा ऑस्ट्रेलियाला स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या घरी चाचणीचा संच पोस्टाने येतो. तो न उघडता कपाटात पडून राहू नये, म्हणून हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

पहिली पायरी: ही चाचणी तुमच्यासाठी आहे का?

ही चाळणी चाचणी आहे. म्हणजे कोणतंही लक्षण नसलेल्या, सर्वसाधारण जोखमीच्या माणसासाठी. बहुतेक देशांत ती ५० व्या वर्षापासून करतात. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये ही वयोमर्यादा ४५ वर आणली. नियमित तपासणी साधारण ७५ पर्यंत चालते. त्यापुढे ८५ पर्यंतचा निर्णय तब्येत आणि आधीच्या तपासण्या पाहून घेतात.

काही जणांनी मात्र या चाचणीवर विसंबू नये. शौचातून रक्त पडतंय, काही आठवड्यांपासून शौचाची सवय बदलली आहे, कारण नसताना वजन घटतंय, किंवा रक्ततपासणीत लोहाची कमतरता आली आहे, असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोहाच्या कमतरतेमुळे हिमोग्लोबिन कमी आलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये. रक्त कुठून जातंय ते शोधायलाच हवं.

आई, वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तपासणी लवकर सुरू होते आणि बहुधा थेट कोलोनोस्कोपीच (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहणं) करतात. नातेवाईकाला तो साठीच्या आत झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार), किंवा लिंच सिंड्रोमसारखा कर्करोगाची शक्यता वाढवणारा आनुवंशिक आजार असलेल्यांचं वेळापत्रक वेगळंच असतं.

दुसरी पायरी: चाचण्यांमधला फरक समजून घ्या

लॅबच्या यादीत ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ एवढंच लिहिलेलं असतं. पण या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या चाचण्या केल्या जातात, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

सर्वांत जुनी ग्वायॅक चाचणी. ग्वायॅकम नावाच्या झाडाच्या राळेचा लेप दिलेल्या कागदावर शौचाचा पातळ थर लावतात आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला ‘हीम’ हा भाग ही रासायनिक क्रिया घडवून आणतो आणि कागद निळा होतो. चाचणी स्वस्त आहे, यंत्र लागत नाही. अडचण अशी की तिला माणसाचं रक्त आणि बोकडाचं रक्त यांतला फरक कळत नाही. मटण, काळीज किंवा कोल्हापुरी रक्ती खाल्ली असेल तरी कागद निळा होऊ शकतो. कच्चा मुळा, फ्लॉवर, सलगम यांतल्या पेरॉक्सिडेज विकरानेही तसंच होतं. उलट ‘क’ जीवनसत्त्व भरपूर पोटात गेलं तर क्रिया दबते आणि रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ही मर्यादा दिवसाला २५० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी झाली तरी ती ओलांडली. आवळ्याचा रस आणि पेरू यांवरही तेवढे दिवस लक्ष ठेवायला हवं.

तरीही या जुन्या चाचणीचं ऋण मान्य केलं पाहिजे. शौचातलं रक्त तपासून मृत्यू टळतात हे तिच्यामुळेच सिद्ध झालं. अमेरिकेतल्या मिनेसोटात ४६ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ मध्ये आला: दरवर्षी चाचणी करणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ वर्षांत ३३ टक्क्यांनी कमी झाले. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधल्या फ्यून इथल्या अभ्यासांत, दोन वर्षांतून एकदा चाचणी करूनही ही घट अनुक्रमे १५ आणि १८ टक्के दिसली.

दुसरी फिट, म्हणजे फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट. यात माणसाच्या हिमोग्लोबिनमधल्या ‘ग्लोबिन’ या प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं वापरतात. त्यामुळे आहाराचं कोणतंही पथ्य नाही. आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी चालतं. आणखी एक मोठा फायदा आहे. जठरातून किंवा लहान आतड्यातून आलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेत बहुतांशी पचून जातं. म्हणून फिट पॉझिटिव्ह आली तर रक्त मोठ्या आतड्यातलं किंवा गुदाशयातलं असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे दुखण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, त्यांनी जठरात व्रण होतात. हूकवर्म म्हणजे अंकुशकृमी लहान आतड्यात रक्त शोषतात. ग्वायॅक या दोन्हींमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते, फिट सहसा येत नाही.

फिटचेही दोन प्रकार आहेत, आणि हा फरक फार थोडे लोक विचारतात. एकात गरोदरपणाच्या चाचणीसारखी पट्टी असते: रेघ उमटली की पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह. दुसऱ्यात यंत्र आकडा देतं, शौचाच्या एका ग्रॅममध्ये किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन आहे तो. जपानने १९९२ मध्येच देशभर फिटवर आधारलेली तपासणी सुरू केली. नेदरलँड्स, स्कॉटलंड, इंग्लंड यांचे कार्यक्रम आकडा देणाऱ्या फिटवर चालतात.

तिसरी डीएनए चाचणी. अमेरिकेत ती ‘कोलोगार्ड’ नावाने २०१४ मध्ये मंजूर झाली. फिटच्या जोडीने ती पेशींतून गळलेल्या डीएनएतले बदलही तपासते. नमुना म्हणून अख्खं शौच डब्यात भरून पाठवावं लागतं. सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात तिने कर्करोग असलेल्यांपैकी ९२.३ टक्के पकडले, त्याच लोकांत फिटने ७३.८ टक्के. पण कर्करोग किंवा धोकादायक पॉलिप नसलेल्यांनाही ती जास्त वेळा पॉझिटिव्ह ठरवते: त्यांच्यापैकी ८६.६ टक्के लोकांना तिने बरोबर निगेटिव्ह सांगितलं, फिटने ९४.९ टक्के.

तिसरी पायरी: आकडे माणसांत मोजून पाहा

टक्केवारीने डोक्यात काही शिरत नाही, म्हणून एक हजार माणसं धरू. समजा, त्यांच्यातल्या पाच जणांना कर्करोग आहे आणि त्यांना तो माहीत नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात फिटची पकड ७९ टक्के आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची अचूकता ९४ टक्के आली होती. म्हणजे फिट एका वेळी पाचपैकी चौघे पकडेल, एक सुटेल, आणि कर्करोग नसलेल्या साठेक जणांना पॉझिटिव्ह सांगेल. डीएनए चाचणी पाचपैकी चार ते पाच जण पकडेल, पण कर्करोग नसलेले सव्वाशेच्या वर लोक पॉझिटिव्ह येतील. एकट्या ग्वायॅकच्या जुन्या कागदाने पाचपैकी निम्मेसुद्धा सापडतील याची खात्री नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो, म्हणून रिपोर्ट हातात पडताच धीर सोडू नका. आणि एकदा निगेटिव्ह आलेली फिट कायमची हमी देत नाही. गाठ रोज रक्त गाळत नाही. म्हणून फिट दरवर्षी किंवा दर दोन वर्षांनी परत करतात. तिची खरी ताकद या पुन्हा पुन्हा करण्यातच आहे. पॉलिपच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे: धोकादायक पॉलिप एका फिटमध्ये चारातला एखादाच सापडतो.

माझं मत स्पष्ट आहे. सर्वसाधारण जोखमीच्या माणसाने आकडा देणारी फिट निवडावी आणि ती नियमित करावी. ती मिळत नसेल तर पट्टीवरची फिट. ग्वायॅकचाच पर्याय असेल तर ती पूर्ण पथ्याने, तीन दिवसांच्या नमुन्यांवर करावी. डीएनए चाचणी अमेरिकेत राहणाऱ्यांनी विम्यात बसत असेल तर जरूर करावी, दर तीन वर्षांनी. ती महाग आहे आणि तिच्यासाठी भारतात धावाधाव करण्यात मला अर्थ दिसत नाही. तोच पैसा गरज पडल्यास कोलोनोस्कोपीसाठी राखून ठेवावा.

चौथी पायरी: लॅबला विचारायचे प्रश्न

फोन करून एवढं विचारा: पद्धत ग्वायॅक आहे की इम्युनोकेमिकल? आकडा देता की फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह? पॉझिटिव्ह कशाला म्हणता, म्हणजे उंबरठा किती? द्रव भरलेली नमुना-नळी देता की साधी प्लास्टिकची डबी?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण साध्या डबीत हिमोग्लोबिन झपाट्याने विघटित होतं. द्रवाच्या नळीत ते टिकतं. साधी डबीच मिळणार असेल तर नमुना त्याच सकाळी, शक्य तितक्या लवकर पोचवा.

‘स्टूल रूटीन’मध्ये ऑकल्ट ब्लड निगेटिव्ह आलं म्हणजे कर्करोगाची तपासणी झाली, असं मात्र समजू नका. तसंच दवाखान्यात गुदतपासणी करताना बोटाला लागलेल्या शौचावर केलेली एकच ग्वायॅकही भरवशाची नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एका नमुन्याने धोकादायक पॉलिप आणि कर्करोग मिळून फक्त ४.९ टक्के पकडले. घरी घेतलेल्या सहा नमुन्यांनी २३.९ टक्के.

पाचवी पायरी: तयारी आणि नमुना

फिटसाठी जेवण नेहमीचंच ठेवा. रक्त पातळ करणारी औषधं किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिटसाठी त्याची गरज नसते आणि बंद करण्यातला धोका खरा असतो. पाळी सुरू असेल तर ती संपल्यावर तीन दिवस थांबा. लघवीतून रक्त जात असेल किंवा मूळव्याधीतून रक्त दिसत असेल तेव्हा नमुना घेऊ नका. दिसणारं रक्त वारंवार येत असेल तर तुम्ही पहिल्या पायरीवरच्या ‘आधी डॉक्टर’ या गटात आहात.

ग्वायॅकसाठी आधीचे तीन दिवस आणि नमुन्यांचे दिवस लाल मांस, कच्चा मुळा-सलगम-फ्लॉवर आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्ज्य. मासे आणि चिकन चालतं. दुखण्याच्या गोळ्या आधीचा आठवडाभर टाळायला सांगतात. त्या नेहमीच्या असतील तर डॉक्टरांना विचारून.

नमुना घेताना तो पाण्यात पडता कामा नये, आणि आपल्याकडे अडचण नेमकी हीच. आधी लघवी करून घ्या. भारतीय पद्धतीच्या संडासात कोरड्या जागी वर्तमानपत्र आणि त्यावर प्लास्टिकचा कागद पसरा, किंवा रुंद तोंडाचा कोरडा, वापरून फेकता येईल असा डबा घ्या. कमोडवर बसण्याच्या कड्याखाली प्लास्टिकचा कागद सैलसर अडकवता येतो. जेट स्प्रे नमुना घेऊन झाल्यावरच वापरा. फिनेल, ब्लीच किंवा फ्लशमधल्या निळ्या गोळीचं पाणी नमुन्याला लागू देऊ नका.

नळीच्या झाकणाला खाचा असलेली काडी असते. ती शौचावर चार-सहा वेगवेगळ्या ठिकाणी खुपसा किंवा खरवडा, कारण रक्त सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. फक्त खाचा भरल्या की पुरे. ‘जास्त दिलं तर नीट कळेल’ असं वाटून काडीवर गोळा घेऊ नका. नळीतल्या द्रवाचं आणि शौचाचं प्रमाण ठरलेलं असतं, ते बिघडलं की आकडा खोटा येतो. काडी टक्क आवाज येईपर्यंत आत ढकला आणि पुन्हा उघडू नका. नाव, तारीख, वेळ लिहा. तारीख विसरलेला नमुना बऱ्याच लॅब नाकारतात.

मग उरतो उन्हाचा प्रश्न. उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं आणि खरी पॉझिटिव्ह चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये उन्हाळ्यातल्या फिट कमी पॉझिटिव्ह आल्याचं दिसलं आहे. ऑस्ट्रेलियात तर अतिउष्ण भागांत कडक उन्हाळ्यात संच पाठवतच नाहीत. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्याचा विचार करा, आणि जमल्यास दिवाळी ते होळी या काळात ही चाचणी उरकून घ्या. नमुना गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका. लगेच द्यायला जमणार नसेल तर पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि संचावर लिहिलेल्या मुदतीत पोचवा.

सहावी पायरी: रिपोर्ट वाचणं

समजा, तुमच्या फिटचा आकडा ३५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आला. अमेरिकेत उंबरठा साधारण २०, म्हणजे पॉझिटिव्ह. नेदरलँड्सने २०१४ मध्ये १५ पासून सुरुवात केली, पण अपेक्षेपेक्षा फार जास्त लोक पॉझिटिव्ह येऊ लागले म्हणून ४७ केला. तिथे ३५ निगेटिव्ह. स्कॉटलंडने २०१७ मध्ये ८० ठेवला, इंग्लंडने २०१९ मध्ये १२०. तिथेही निगेटिव्ह. आणि त्याच इंग्लंडमध्ये लक्षणं असलेल्या रुग्णासाठी डॉक्टर फिट मागवतात तेव्हा उंबरठा १० असतो, म्हणजे तिथे ३५ ला पुढची तपासणी.

माणूस तोच आणि नमुनाही तोच. चाळणी कार्यक्रमाचा उंबरठा ठरवताना एकूण किती कोलोनोस्कोपी करणं त्या देशाला झेपेल हेही पाहिलेलं असतं. म्हणून ‘निगेटिव्ह’ या शब्दावर थांबू नका, आकडा मागा आणि जपून ठेवा. उंबरठ्याच्या जरा खाली असलेला आकडा डॉक्टरांना जरूर दाखवा.

एककही तपासा. काही रिपोर्टमध्ये नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, म्हणजे शौचातलं नव्हे तर नळीतल्या द्रवातलं प्रमाण. १० मिलिग्रॅम शौच २ मिलिलिटर द्रवात घेणाऱ्या नळीत १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. दुसऱ्या कंपनीच्या नळीला हे गणित लागू होत नाही. एककं वेगळी असतील तर गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा थेट शेजारी ठेवू नका.

सातवी पायरी: पॉझिटिव्ह आली तर

कोलोनोस्कोपी करा. सगळ्यात जास्त घोळ याच टप्प्यावर होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

‘मला मूळव्याध आहे, त्याचंच असेल’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मूळव्याध असलेल्या माणसालाही पॉलिप असू शकतो, आणि दोन्हींतलं रक्त फिटला सारखंच दिसतं. आत पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही.

‘एकदा परत करून पाहू’ हेही नको. दुसरी फिट निगेटिव्ह आली म्हणून पहिली रद्द होत नाही, कारण रक्त थांबून थांबूनच जातं. त्या निगेटिव्हच्या दिलाशात वर्ष निघून जातं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पॉझिटिव्ह फिटनंतर कोलोनोस्कोपीला दहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांत कर्करोग जास्त आणि पुढच्या टप्प्यातला सापडला. एका रात्रीत धावपळ करायची गरज नाही, पण एक-दोन महिन्यांत तपासणी होऊन जावी.

भीती वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून धोक्याचे आकडेही सांगते. पॉझिटिव्ह चाचणीनंतरच्या कोलोनोस्कोपीत आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण दहा हजारांत पाच-सहा, आणि मोठ्या रक्तस्रावाचं दहा हजारांत सतरा-अठरा आहे. पॉलिप सापडला तर तो बहुधा त्याच वेळी काढतात.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतडं पूर्ण साफ होणं. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, कोंडा, पालेभाज्या बंद. मऊ भात, दही, ताक चालतं. आदल्या दिवशी पातळ पदार्थ. जुलाबाचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे घेतलं तर सफाई चांगली होते. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं यांबद्दल आधीच लेखी विचारून घ्या. इथे, फिटच्या उलट, बदल करावे लागू शकतात. गुंगीचं औषध दिलं जातं, म्हणून घरचं कुणीतरी सोबत असू द्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. हृदयविकार किंवा वय यांमुळे कोलोनोस्कोपी शक्यच नसेल तर सीटी कोलोनोग्राफीबद्दल, म्हणजे सीटी स्कॅनने मोठं आतडं पाहण्याबद्दल, विचारा.

आठवी पायरी: निगेटिव्ह आली तर

पुढची तारीख आजच लिहून ठेवा. फिट असेल तर वर्षभराने, किंवा तुमच्या देशाच्या कार्यक्रमानुसार दोन वर्षांनी. शक्यतो तीच लॅब, तीच पद्धत, तोच हंगाम. कोलोनोस्कोपी होऊन ती पूर्ण स्वच्छ आली असेल तर सर्वसाधारण जोखमीच्या माणसाला साधारण दहा वर्षं फिटची गरज नाही. पॉलिप काढले असतील तर त्यांची संख्या, आकार आणि बायोप्सीचा प्रकार यांवर पुढची कोलोनोस्कोपी ठरते. म्हणून तो बायोप्सीचा कागद फिटच्या रिपोर्टांसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत मुलांकडेही द्या. त्यांच्या तपासणीचं वय ठरवताना डॉक्टर तोच मागणार आहेत.